हातातोंडाशी आलेला सामना हरला की खापर कोणावर? कोच की पोरं? (कॉलेज फुटबॉल, नेब्रास्का)

प्लॅटकाठी

लिंकनमध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली. आलो तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या एकाने पहिल्याच ऑक्टोबरात लाल जॅकेट हातात ठेवलं आणि बजावलं, शनिवारी इथे दुसरं काही ठरवायचं नसतं. ते खरंच होतं. या राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा फुटबॉल संघ. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपलेली आहेत. संघ जिंको की हरो, पंच्याऐंशी हजार माणसं येतात.

आणि गेली काही वर्षं ती माणसं एकाच पद्धतीची हार बघून घरी जातात. धू धू धुतल्याची हार नव्हे. तीन गुणांची, पाच गुणांची, सात गुणांची.

स्कॉट फ्रॉस्ट इथला कोच होता, २०१८ ते सप्टेंबर २०२२. वूड रिव्हर गावचा, आपलाच मुलगा. १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, खेळ चालवणारा खेळाडू. यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला) १३-० असा अपराजित मोसम खेळून आला होता. इथे एकूण १६ जिंकले, ३१ हरले. त्यातही आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव. हा आकडा मला पाठ आहे, कारण त्यातले बरेचसे मी स्टेडियममध्ये बसून पाहिले.

दोन प्रसंग सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल.

२५ सप्टेंबर २०२१, ईस्ट लान्सिंग, समोर मिशिगन स्टेट. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या बचावाने त्यांना एकही फर्स्ट डाऊन (दहा यार्डांची मजल) दिला नव्हता. एकही नाही. आपण २०-१३ पुढे, चारेक मिनिटं उरलेली. पंट मारायचा होता. चेंडू एका बाजूला मारायचा ठरलेला, अडवायला धावणारे सगळे त्या बाजूला गेले आणि चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. जेडन रीडने तो झेलला तेव्हा त्याच्या आसपास कोणी नव्हतं. ६२ यार्ड, टचडाऊन (चेंडू घेऊन गोलरेषेपार), बरोबरी. ओव्हरटाइममध्ये आपला क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ याचा पास त्यांनी पकडला आणि २३-२० अशी हार.

दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, लिंकनमध्ये मिशिगन. त्यांचा संघ तेव्हा अपराजित. २९-२९ अशी बरोबरी, चेंडू आपल्याकडे, दोन मिनिटांहून कमी वेळ. मार्टिनेझ स्वतः चेंडू घेऊन घुसला, घोळक्यात अडकला, पण खाली पडेना. दोन यार्ड जास्त मिळवायची धडपड चालली होती. तेवढ्यात ब्रॅड हॉकिन्सने त्याच्या हातातून चेंडू ओरबाडला. त्यांनी ३९ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू गोलखांबांमधून लाथाडला. ३२-२९.

मी तेव्हा उठून ओरडलो होतो. मार्टिनेझच्या नावाने. मुलगा अकरा वर्षांचा होता, शेजारीच बसला होता, अंगात मार्टिनेझचीच दोन नंबरची जर्सी. तो म्हणाला, "बाबा, तो मुद्दाम करतो का?"

मी पुष्कळ वर्षं मानत आलो की ऐनवेळी हात कापतात ते खेळाडूचे, कोचचे नाहीत. आता तसं वाटत नाही. एक सामना खेळाडू हरवू शकतो. बावीस सामने हरवू शकत नाही. बावीस सामने हरवतो तो सराव, आणि सराव कोचचा असतो. पटत नसेल तर जरूर भांडा. मला खरंच ऐकायचं आहे.

डेक्कनवरून

धागा वाचला, खेळ फारसा कळत नाही. पंट म्हणजे काय? आणि आठ गुणांचीच रेघ का?

प्लॅटकाठी

@डेक्कनवरून, थोडक्यात: दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. तीन वाया गेले की चौथ्यावर बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्याला दुरून सुरुवात करावी लागते. तो पंट. आठची रेघ अशासाठी की टचडाऊनचे सहा आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे जास्तीत जास्त दोन, म्हणजे एका झटक्यात आठ. फरक आठच्या आत असेल तर सामना शेवटपर्यंत कोणाचाही असतो.

शिकागोकर_मंदार

लेखाशी पूर्ण सहमत, आणि मी तुमच्याहून एक पाऊल पुढे जातो. काही सामने असे असतात की चूक खेळाडूच्या हातून होते, पण ती होण्याची वेळच कोचने आणलेली असते.

७ ऑक्टोबर २०२३, मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक. मायामी २०-१७ पुढे. चेंडू मायामीकडे, तिसरा डाऊन, ३३ सेकंद शिल्लक, जॉर्जिया टेककडे एकही टाइमआऊट (घड्याळ थांबवायची मुभा) नाही. दोन प्रयत्नांमध्ये घड्याळ ४० सेकंद चालतं. म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू घ्यायचा, गुडघा टेकायचा आणि सगळ्यांनी हात मिळवून घरी जायचं. दुसरीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी आहे. मारियो क्रिस्टोबाल यांनी गुडघा टेकायला लावला नाही, चेंडू धावायला दिला. डॉन चेनी नावाच्या मुलाच्या हातून तो सुटला. जॉर्जिया टेकने चार खेळींत ७४ यार्ड पार केले, शेवटचा पास ४४ यार्डांचा, घड्याळात एक सेकंद. २३-२०.

आता त्या चेनीला काय म्हणणार? चेंडू त्याच्या हातून सुटला, हे खरंच. पण तो चेंडू त्याच्या हातात असायलाच नको होता. आणि हेच कोच २०१८ मध्ये ओरेगनला असताना स्टॅनफर्डविरुद्ध असंच झालं होतं. पुढे असताना धावले, फंबल झालं (चेंडू हातून सुटला), ओव्हरटाइममध्ये ३८-३१ हरले. पाच वर्षांनी तीच चूक. खेळाडू दोन्ही वेळा वेगळे, कोच एकच.

सुमेधा_ओ

मंदार, चेनीचं उदाहरण दिलंत म्हणून लिहिते. तुम्ही त्याचं नाव घेऊन त्याची बाजू मांडलीत, पण बाकीच्यांनी काय केलं असेल याची कल्पना करा.

२०१३ चा आयर्न बोल, म्हणजे ऑबर्न आणि अलाबामा यांचा सामना, बहुतेकांना आठवत असेल. ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने अलाबामाचा तोकडा पडलेला फील्ड गोल एंडझोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेला, ३४-२८. घड्याळात एक सेकंद उरला असताना ५७ यार्डांवरून गोल मारायचा निर्णय निक सेबन यांचा. पण त्या रात्री शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या कोणाला आल्या? केड फॉस्टर नावाच्या किकरला, कारण त्याआधी त्याच्या तीन किक वाया गेल्या होत्या. शेवटची किक तर त्याने मारलीही नव्हती.

२०१५ मध्ये मिशिगनचा पंटर ब्लेक ओनील. ऑस्ट्रेलियातून आलेला. दहा सेकंद शिल्लक, मिशिगन २३-२१ पुढे, फक्त पंट मारायचा. चेंडू हातातून निसटला, उचलून मारायला गेला, चेंडू मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनकडे गेला, टचडाऊन, आणि मिशिगन २७-२३ हरलं. नंतर ओनीलला इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रमुखांना त्याच्या बाजूने खुलं पत्र काढावं लागलं.

ही वीस-बावीस वर्षांची मुलं. सोमवारी सकाळी ती वर्गात जाऊन बसतात, शेजारच्या बाकावर तोच सामना बघितलेला कोणीतरी असतो. कोच सोमवारी त्याच्या दफ्तरात जातो आणि दार लावून घेतो. माझ्या दृष्टीने दोष कोणाचा याआधीचा प्रश्न हा आहे की तो दोष पेलायची ताकद कोणात आहे.

मिरजेचा_मास्तर

मी मिरजेकडे शाळेत बावीस वर्षं कबड्डीचा संघ घडवला, आता निवृत्त आहे. मुलगी डॅलसला असते, तिच्याकडे राहायला गेलो की जावयाबरोबर हा खेळ पाहतो. त्यामुळे माझं मत बाहेरून आलेलं समजा, पण कोच या शब्दाविषयी थोडं कळतं.

सुमेधाताई, तुमची कळकळ पटते. तरीही एक सांगतो. पोराची चूक पोराची नाही असं त्याला सांगितलं तर त्याला आराम वाटत नाही. उलट लागतं. माझा एक चढाईपटू होता, तालुका पातळीच्या अंतिम सामन्यात करो या मरो चढाईत बोनस रेषेला पाय लावायच्या नादात पकडला गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, चूक माझी, मीच तुला पाठवायला नको होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, मी पकडला गेलो. तुम्ही नाही." त्याला त्याची चूक हवी होती. चूक स्वतःची असेल तरच पुढच्या वेळी ती सुधारणं आपल्या हातात राहतं, नाहीतर आपण नुसतेच प्यादे.

म्हणून त्या मार्टिनेझचं. त्या घोळक्यात दोन यार्डांसाठी झटताना चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरायचा की नाही, हे त्या क्षणी कोच त्याच्या कानात सांगू शकत नव्हता. तो त्याचाच निर्णय. तो धाडसी होता, म्हणूनच तर लोक त्याच्यावर जीव टाकत होते. धाडसाची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते, आणि ती त्याची त्याने दिली.

संख्येचं_बोला

मी आकड्यांची बाजू मांडतो, कारण "५-२२" हा आकडा सगळे फेकतात, त्याला नीट कोणी तपासत नाही.

समजा प्रत्येक अटीतटीचा सामना म्हणजे नाणेफेक. २७ वेळा नाणं उडवलं तर ५ किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता किती? हिशेब केला तर साधारण १,३२० मध्ये १. म्हणजे निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

पण नाणेफेक हे गृहीतकच चुकीचं आहे. नेब्रास्काचे अनेक प्रतिस्पर्धी तगडे होते. त्यामुळे जिंकण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी न धरता ४० टक्के धरू. तेव्हा तोच आकडा येतो ६५ मध्ये १. देशात वरच्या विभागात १३० च्या आसपास संघ आहेत. अशा स्थितीतले संघ त्यात बरेच असतील तर कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला ही ओळ येणारच. ती आपल्या वाट्याला आली म्हणून आपण तिच्यात अर्थ शोधतो.

दुसरं, २०२१ चा मोसम घ्या. ३ विजय, ९ पराभव. नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे, सर्वांत मोठा ओहायो स्टेटविरुद्ध, २६-१७. बारा सामन्यांची बेरीज केली तर नेब्रास्काने ३३५ गुण केले आणि २७२ दिले. म्हणजे ६३ गुणांनी वर असलेला संघ ३-९! फोर्डहॅम आणि नॉर्थवेस्टर्नला पन्नाशीच्या पुढे धुतल्यामुळे ती बेरीज फुगली आहे, हे खरं. पण ते दोन वगळले तरी उरलेल्या दहा सामन्यांत २२७ केले, २५८ दिले. सामन्यामागे सरासरी तीन गुणांची तूट. असा संघ १-९ राहत नाही, साधारण चार तरी जिंकतो. मधल्या तीनांना मी नशीब म्हणतो. जमिनीवर पडलेला लंबगोल चेंडू कुठे उडेल हे कोच शिकवू शकत नाही.

प्लॅटकाठी

@संख्येचं_बोला, हिशेब मनापासून आवडला. ६५ मध्ये १ ऐकून थोडं बरंही वाटलं. पण मग नशिबाने तरी एकाच ठिकाणी का मारावं? चेंडू उडण्याचं नशीब असेल तर ते सगळीकडे विखुरलेलं दिसायला हवं.

ओमाहा_जोशी

नशीब विखुरलेलं नव्हतंच, तेच सांगायला आलो. २०२१ चे चार पराभव शेजारी ठेवा.

इलिनॉयविरुद्ध पहिलाच सामना: पंट परत आणणाऱ्या आपल्या खेळाडूने गोलरेषेवर पंट झेलला आणि गडबडीत चेंडू बाहेर फेकला. समोरच्यांना फुकटचे दोन गुण. ओक्लाहोमाविरुद्ध: टचडाऊननंतरची साधी किक त्यांनी अडवली आणि उलट पळत नेऊन दोन गुण मिळवले. सामना २३-१६. मिशिगन स्टेट: तो पंट, वर आलाच आहे. आयोवाविरुद्ध शेवटचा: तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण २१-६ पुढे, मग पंट अडवला गेला, त्यावर टचडाऊन, हार २८-२१.

चारही किकच्या खेळी. त्या सांभाळणारा विभाग म्हणजे स्पेशल टीम्स. आता हे पाहा की त्या वर्षी या विभागाला पूर्ण वेळ वेगळा कोच नव्हता. तेव्हा मैदानावर शिकवणारे साहाय्यक दहाच ठेवता येत. फ्रॉस्टने ते बाकीकडे वाटले आणि हा विभाग दुसरं काम सांभाळणाऱ्याच्या गळ्यात घातला. २०२२ ला बिल बुश यांना त्यासाठी नेमलं, म्हणजे स्वतःलाही कळलं होतं. उशिरा कळलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये काढले कोणाला? आक्रमणाचे चार साहाय्यक कोच.

मास्तर, तुमच्या चढाईपटूची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मला सांगा, तुमच्या संघाची बोनस रेषेवरच चार सामन्यांत चार वेळा पकड झाली असती तर तुम्ही सरावात काय केलं असतं? आणि काही केलं नसतं, तर पाचव्या वेळचा दोष कोणाचा?

मिरजेचा_मास्तर

जोशी, पाचव्या वेळचा माझा. निःसंशय. खरं म्हणजे तिसऱ्याच वेळचा माझा.

शिकागोकर_मंदार

आणि डब्लिन विसरू नका. २७ ऑगस्ट २०२२, आयर्लंडमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. २८-१७ पुढे, तिसरा क्वार्टर, सामना मुठीत. फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली. (@डेक्कनवरून: किक लांब न मारता मुद्दाम आखूड मारायची आणि आपणच झडप घालायची, मागे पडलेला संघ नाइलाजाने करतो ती.) नॉर्थवेस्टर्नने चेंडू पकडला, वारं फिरलं, ३१-२८. त्यात कुठल्या पोराची चूक होती? नंतर फ्रॉस्ट स्वतःच म्हणाले की पुन्हा संधी मिळाली तर तसं करणार नाही. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ अशी हार आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. विद्यापीठ तीन आठवडे थांबलं असतं तर फ्रॉस्टचं कराराचं देणं निम्म्यावर आलं असतं, तरीही दीड कोटी डॉलर मोजून घालवलं.

सुमेधा म्हणतात ते इथे लागू पडतं. दोष पेलायची ताकद कोणात? ज्याला हरल्यावरही दीड कोटी मिळतात त्याच्यात. २०२१ च्या जुलैपर्यंत खेळाडूंना स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती.

अर्धविराम

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. सगळे फ्रॉस्टवर तुटून पडलात. मग २०२३ चं काय?

कोच बदलला. मॅट रूल आले, शिस्तीचे, मुळापासून बांधणी करणारे म्हणून नाव असलेले. पहिलाच सामना मिनेसोटाशी, १०-३ पुढे असताना शेवटच्या क्षणी फील्ड गोलवर १३-१० हरलो. मोसमाच्या शेवटी ५-३ होतो, बोलसाठी (मोसमानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी) फक्त एक विजय हवा होता. मग ओळीने चार: मिशिगन स्टेट २०-१७, मेरीलँड १३-१०, विस्कॉन्सिन ओव्हरटाइममध्ये २४-१७, आयोवा १३-१०. मेरीलँडच्या वेळी १०-१० बरोबरी, गोलरेषा अगदी समोर, फील्ड गोल जवळजवळ हातातला. पास टाकला आणि एंडझोनमध्ये त्यांनी पकडला. २०२४ मध्ये आयोवाकडून पुन्हा १३-१०, पुन्हा शेवटच्या किकवर, ५३ यार्डांवरून.

कोच वेगळा, साहाय्यक वेगळे, बहुतेक खेळाडूही वेगळे. आजार तोच. तेव्हा "बावीस सामने कोच हरवतो" हे तुमचं वाक्य कुठे बसतं? मला तर वाटतं की हरण्याची सवय लागते, आणि ती भिंतींना लागते. शेवटची पाच मिनिटं आली की पंच्याऐंशी हजार लोक श्वास रोखून धरतात, आता काय होणार म्हणून. त्या मुलांना ती शांतता ऐकू येत नसेल?

सुमेधा_ओ

अर्धविराम, ही शांतता मी स्वतः ऐकली आहे. २०२२ पर्यंत आम्ही ओमाहाला होतो. आघाडी घेतली की स्टेडियममध्ये आनंदाऐवजी धास्ती पसरायची. प्रेक्षकांवर दोष टाकत नाही, पण तुम्ही म्हणता ते खोटं नाही.

ओमाहा_जोशी

अर्धविराम यांचा मुद्दा मोठा आहे, तो उडवून लावता येणार नाही. पण मेरीलँडचं उदाहरण पुन्हा बघा. गोलरेषेसमोर, बरोबरी असताना, अनुभव कमी असलेल्या क्वार्टरबॅकला पास टाकायला सांगितलं कोणी? ज्या संघाने त्या एका सामन्यात पाच वेळा चेंडू गमावला, त्याला तीन वेळा मधून धावून मग किक मारायला लावणं शहाणपणाचं होतं. पास वाईट टाकला हे मुलाचं. पास निवडला हे वर बसलेल्याचं. प्रत्येक शेवटच्या खेळीत हे दोन थर असतात आणि टीव्हीवर दिसतो फक्त वरचा.

आणि सवय म्हणाल तर सवय मोडतेही. २०२५ ची सुरुवात आठवा, कॅन्सस सिटीत सिनसिनाटीविरुद्ध. २०-१७ पुढे, ते चढून येत होते, सगळ्यांना तेच जुनं दिसत होतं. माल्कम हार्टझॉगने एंडझोनमध्ये पास पकडला आणि संपलं. तोच संघ, तोच ताण, फक्त यावेळी तो मुलगा योग्य जागी उभा होता. तिथे उभं राहायला त्याला कोणीतरी शंभरदा शिकवलं असणार.

मिरजेचा_मास्तर

शंभरदा नाही जोशी, हजारदा. आणि दमल्यावर. ताजेतवाने असताना शिकवलेलं शेवटच्या पाच मिनिटांत उपयोगाला येत नाही. मी पोरांना आधी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचो आणि मग करो या मरो चढाईचा सराव. पालक तक्रार करायचे.

संख्येचं_बोला

जोशींची चार उदाहरणं वाचून मी माझं "मधले तीन नशिबाचे" थोडं मागे घेतो. चारही धक्के एकाच विभागातून आले असतील तर ते स्वतंत्र घटना नाहीत, आणि माझा सगळा हिशेब घटना स्वतंत्र आहेत यावर उभा होता. दोन तरी कोचच्या खात्यात टाकावे लागतील.

भाऊसाहेब_लिंकन

या शहरात १९७९ पासून आहे, तेव्हा थोडं जुनं सांगतो. तुम्हा सगळ्यांच्या बोलण्यात हरलेला कोच म्हणजे चुकलेला कोच असं येतंय.

२ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामीविरुद्ध. नेब्रास्का १२-०, देशात पहिल्या क्रमांकावर. चौथ्या क्वार्टरमध्ये ३१-१७ मागे. पोरांनी दोन टचडाऊन केले, दुसरा ४८ सेकंद उरले असताना. ३१-३०. तेव्हा ओव्हरटाइम नव्हता. टॉम ऑस्बोर्न यांनी साधी किक मारायला लावली असती तर सामना बरोबरीत सुटला असता आणि विजेतेपद बहुधा आपलंच होतं. त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. टर्नर गिलचा पास मायामीच्या केन कॅलहूनच्या बोटांना लागून निसटला. हरलो.

आमच्या घरात त्या रात्री सात मराठी बिऱ्हाडं जमली होती. कोणी ऑस्बोर्न यांना शिव्या दिल्या नाहीत, गिललाही नाही. जिंकायला आलेल्या संघाने जिंकण्यासाठी खेळायचं, हे कोचने ठरवलं आणि पोरांना ते पटलेलं होतं. दहा वर्षांनी पुन्हा त्याच मैदानावर, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध, शेवटच्या क्षणी ४५ यार्डांचा फील्ड गोल हुकला, १८-१६. तोच कोच. पुढच्या चार मोसमांत त्याच माणसाने तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणली, १९९४, १९९५ आणि १९९७.

निर्णय फसला म्हणून तो चूक ठरत नाही. डब्लिनची ऑनसाइड किक आणि १९८४ चे दोन गुण, दोन्ही फसले. पण एक गरज नसताना घेतलेला जुगार होता आणि दुसऱ्यामागे कारण होतं. कोचचा दोष बघायचा तर निकालाकडे न बघता त्या कारणाकडे बघावं, असं मला वाटतं.

प्लॅटकाठी

भाऊसाहेब, हे मला वीस वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं. १९८४ ची खेळी इथे प्रत्येकाला माहीत आहे, पण तुमच्या दिवाणखान्यातली ती रात्र नव्हती माहीत.

अर्धविराम, तुमच्यापुढे माझं "बावीस सामने" वाक्य थोडं नमतं घेतो. कोच बदलून एका दिवसात बदलत नाही, हे २०२३ ने दाखवलं. तरी कोणीतरी सुरुवात करायची असते, आणि ती करण्याचे पैसे कोचला मिळतात.

अर्धविराम

एवढं मान्य. एक विचारायचं राहिलं. मुलाने विचारलं होतं ना, "तो मुद्दाम करतो का?" काय उत्तर दिलंत?

प्लॅटकाठी

तेव्हा काहीच नाही. गाडीत पूर्ण वेळ गप्प होतो. पुढे नोव्हेंबरात बातमी आली की मार्टिनेझ त्या मोसमात जबडा मोडलेला असतानाही खेळत होता. ती मी मुलाला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही.

मोसम संपल्यावर मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. २४ सप्टेंबर २०२२ ला त्यांचा सामना ओक्लाहोमाशी होता, नॉर्मनमध्ये. आमचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता, पण मुलाने स्वतःहून टीव्ही लावला. चौथ्या क्वार्टरमध्ये, कॅन्सस स्टेट थोडक्यात पुढे, तिसरा डाऊन, सोळा यार्ड हवे होते. पास टाकायला कोणी मोकळं नव्हतं. मार्टिनेझ चेंडू घेऊन मधून निघाला आणि ५५ यार्ड धावला. त्या रात्री तो एकूण १४८ यार्ड धावला, चार टचडाऊन. ४१-३४ जिंकले.

तो ५५ यार्ड धावत असताना मी पडद्यावर त्याचे हात बघत होतो. चेंडू कसा धरलाय ते. मुलगाही तेच बघत होता, कारण तो पडल्यावर मुलगा म्हणाला, "घट्ट होता."

दोन नंबरची ती जर्सी अजून कपाटात आहे. त्याला ती आता खांद्यात बसत नाही, पण कोणाला देऊ देत नाही.